डॅश बसेल हो, पण काटा खरं बोलेल का?

प्रश्न: दादा, माझ्याकडे 1995 ची शेवरलेची कॅमेरो झेड28 आहे, एलटी1 इंजिन, मॅन्युअल गिअर. इंजिन मस्त पळतंय पण आतला डॅश, म्हणजे डॅशबोर्ड, बघवत नाही, उन्हाने प्लास्टिक तडकलंय, नुसता हात ठेवला तरी कडकड वाजतं. भंगारात 1999 च्या कॅमेरोचा अख्खा डॅश बघून ठेवलाय, मीटर आणि वायरिंगसकट. मित्र म्हणतो एकाच पिढीची गाडी आहे, डोळे झाकून घे. घेऊ का?

उत्तर: डोळे उघडे ठेवून बघा, मित्र अर्धंच बरोबर सांगतोय. 1993 ते 2002 ही कॅमेरोची चौथी पिढी, एवढं खरं, आणि नवा डॅश आला 1997 ला. पण इंजिन बदललं 1998 ला, एलटी1 जाऊन एलएस1 आलं. म्हणजे मधे एकच वर्ष असं सापडतं की डॅश नवा आणि इंजिन तुमचंच. तेव्हा शोधायचाच तर 1997 च्या व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरच्या, गाडीचा शोधा, 1999 चा कितीही चकाचक असला तरी मोह आवरा.

का ते सांगतो. व्ही8 मध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात चार सिलिंडर पेटतात, त्यामुळे एलटी1 कडून आरपीएमच्या (मिनिटाला किती फेरे ते दाखवणाऱ्या) काट्याला फेऱ्यामागे 4 पल्स, म्हणजे विजेचे ठोके, जातात. एलएस1 चा कॉम्प्युटर मात्र 2 च देतो, चार सिलिंडरच्या गाडीसारखे, आणि त्याचं मीटर तेवढेच मोजायला बनवलंय. मी स्वतः हा उद्योग केलाय, घाईघाईत, मीटर आधी टेबलावर न तपासता. शेवटचा स्क्रू आवळला, चावी फिरवली, इंजिन निवांत 800 वर गुरगुरतंय आणि काटा 1600 वर! आयडल (गाडी उभी असतानाचे फेरे) चढलं म्हणून मी व्हॅक्यूम लीक, म्हणजे इंजिनात कुठून जास्तीची हवा शिरतेय का, ते शोधत बॉनेटमधे डोकं घालून बसलो, कान सांगतायत सगळं ठीक आहे आणि डोळ्यांना ते पटत नाही. मग काय, डॅश परत खाली.

पेट्रोलच्या काट्याचीही तीच गत. टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटबरोबर रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममधे मोजतात) बदलतो आणि काटा तेवढाच वाचतो. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेवरले त्यांचीच) जुन्या गाड्यांत रिकामी टाकी म्हणजे 0 ओहम आणि भरलेली 90, पुढे कित्येक मॉडेलला ते 40 ते 250 झालं. जुना फ्लोट आणि नवा काटा जोडलात तर फुल टाकी करून निघाल आणि मीटर दाखवेल जेमतेम पाव. 1999 ला तर कॅमेरोची टाकीच स्टीलची जाऊन प्लास्टिकची आली, म्हणून कुठल्याही वर्षाचं मीटर आणा, आधी मल्टिमीटर लावून आपल्या फ्लोटचे ओहम मोजा.

एअरबॅगमधे जुगाड अजिबात नको. अमेरिकेत 1997 ला कमी जोराच्या बॅगांना परवानगी मिळाली आणि त्यानंतरच्या गाड्यांत त्या येत गेल्या, आणि बॅग कधी नि कशी उडवायची हे ठरवणारं मॉड्युल त्या त्या गाडीसाठी जुळवलेलं असतं. एकीची बॅग, दुसरीचं मॉड्युल आणि वर रेझिस्टर लावून एअरबॅगचा धोक्याचा दिवा विझवलेला, असल्या गाड्या मी बघितल्यात, बसायची हिंमत झाली नाही. बॅटरी काढा, मॅन्युअलमधे दिलाय तेवढा वेळ थांबा, मगच एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावा, आणि सुटी बॅग ठेवताना कव्हर वर, कधीच उपडी नाही.

स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) आपलाच राहू द्या, चावीचं कुलूप त्यातच आहे. तुमच्या चावीत छोटा रेझिस्टर आहे, 15 किमतींपैकी एक, तो गाडीच्या चोरी रोखणाऱ्या मॉड्युलशी जुळला नाही तर गाडी स्टार्टच होणार नाही. आणि वायरिंग कापून दिलेलं असेल तर तो डॅश तिथेच सोडून या.

हां, किलोमीटरचं राहिलं, म्हणजे तुमच्या गाडीत मैलांचं. मीटर बदललं तरी आकडा आधीचाच राहायला हवा, अमेरिकेचा कायदा तसा आहे. तो लावता येत नसेल तर शून्यावर आणायचा आणि आधीचे मैल नि बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवायची. गाडी तिकडे रजिस्टर असेल तर हे विसरू नका.

प्रश्न: मी फोर्डच्या जुन्या मस्टँगमधे जीएमचं एलएस1 आणि त्याचाच गिअरबॉक्स टाकलाय, मीटर मात्र नंतरच्या व्ही8 मस्टँगचं. आता स्पीड आणि आरपीएम दोन्ही निम्मंच दिसतं. मीटर खराब निघालं का?

उत्तर: नाही हो, बिचारं मीटर बरोबर मोजतंय, त्याला मिळतंयच निम्मं. फोर्डचं मीटर मैलाला 8000 पल्सची वाट बघतं, जीएम देतं 4000, म्हणून 60 ने जाताना काटा 30 वर. आरपीएमचं कारण वर सांगितलंच, तिथेही 4 च्या जागी 2. आरपीएमचे पल्स इंजिनच्या कॉम्प्युटरमधे ट्यूनिंग करताना बदलून घ्या, आणि स्पीडच्या वायरवर पल्स वाढवणारा छोटा कन्व्हर्टर बसवा. तो डॅशच्या आत खोल कुठेतरी कोंबू नका, हात पोचेल असा ठेवा, कारण पुढे मागचे टायर किंवा एक्सलचा रेशो बदललात की परत सेट करावं लागणारच. एकदा जीपीएस शेजारी ठेवून चालवून बघा, 60 ला 60 दिसले की मग पॅनलचे स्क्रू लावा.