बारा आठवडे थांबायची तयारी ठेव

बेटा,

परवा तू मुरुमांवर लावायला ती ट्यूब मागितलीस, मी दिली नाही, आणि तू तडकून दुसऱ्या मेडिकलवर गेलास. तिथे मिळालीच असेल. काउंटरवर चार गिऱ्हाइकांसमोर हे बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

तुझी आई विचारत होती, "पोऱ्याना तोंडले काय व्हई गयं?" तिचा संशय भरितावर. भरीत खा. वांग्याच्या भाजीतलं तेल उठून चेहऱ्यावर येत नाही. साखर, मैदा आणि तुझ्या जिममधली व्हे पावडर यांचा मुरुमांशी संबंध आढळला आहे, ते कमी कर.

आता ट्यूब. तिच्यात स्टेरॉइड आहे. तो सूज आणि लाली दाबतो, म्हणून चार दिवसांत चेहरा स्वच्छ दिसतो. लावायचं थांबवलं की दुपटीने उठतं, मग तू पुन्हा लावतोस. कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मी विकत नाही. "काकांना धंदा कळत नाही" असं म्हणणारे म्हणोत. गिऱ्हाईक तुटतं हे मलाही दिसतं, पण माझ्या दुकानातल्या ट्यूबने कुणाचा चेहरा लाल झालेला मला बघायचा नाही.

चार दिवसांत गुण देणाऱ्या औषधावर विश्वास ठेवू नकोस. बारा आठवडे थांब. तुझे वडील केळीवाले. केळ निसवते तेव्हा घड दिसतो, पण खोडात तो कधीचाच धरलेला असतो. मुरुमाचंही तसंच. वयात ॲन्ड्रोजन नावाचं हार्मोन वाढतं, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात, मग सूज. आज दिसणारी पुळी आत कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. ॲडापॅलीन, म्हणजे डॉक्टर देतात ते मुरुमांवर लावायचं औषध, काम करतं ते अजून न दिसलेल्या पुळ्यांवर. सुरुवातीला कातडी सुकते, कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात. नेमकं तिथेच तुम्ही पोरं औषध बदलता. नको बदलूस! बारा आठवडे.

डॉक्टरांनी ॲडापॅलीन दिलं तर रात्री, चेहरा कोरडा करून, अख्ख्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं. नुसतं पुळीवर टिकली लावल्यासारखं नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे लावायचं दुसरं औषध दिलं तर जुना टॉवेल वापर, रंग उडतो. चेहरा दिवसातून दोनदा धुतलास की पुरे, घासायचा नाही. भरतीच्या सरावाला पहाटेच पळ, आणि तो घामट रुमाल तोंडाला करकचून बांधून तासन्‌तास ठेवू नकोस. घर्षण आणि घामानेही मुरूम वाढतात. उन्हात जायचंच असेल तर सनस्क्रीन लाव. टूथपेस्ट आणि लिंबू राहू दे स्वयंपाकघरात नि मोरीत.

माझ्या गालांवरचे खड्डे तू पाहिलेत. आमच्या घरी "वय आहे, जाईल आपोआप" एवढंच म्हणायचे. मुरूम गेले, खड्डे राहिले. म्हणून एक अपवाद: खोल, दुखणाऱ्या गाठी आल्या तर बारा आठवडे मोजत बसू नकोस, लगेच दाखव. त्याला आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात, पण त्या रक्त तपासून, डॉक्टरांच्या नजरेखालीच.

धुळ्याला किंवा जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजात जा, केसपेपर काढ, त्वचारोग विभागात दाखव. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून ने, लाजू नकोस. स्टेरॉइड कसा सोडवायचा ते त्यांना त्यावरूनच ठरवता येईल. औषधं कुठूनही घे, माझ्याकडूनच असं नाही. आणि त्या ॲझिथ्रोच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, उरलेल्या गोळ्या बहिणीला देऊ नकोस.

तुझा,
मेडिकलवाला काका