त्रिकोणी शेताचं क्षेत्रफळ उंची न मोजता कसं काढायचं?

रावेरकडच्या केळीच्या शेताचा तुकडा त्रिकोणी आहे, बाजू १३०, १४० आणि १५० मीटर, उंची मोजायला आत शिरता येत नाही, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, उंची लागतच नाही. हेरॉनचं सूत्र वापरा.

आधी एक खात्री: कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त हवी. नसेल तर टेप कुठेतरी चुकलाय. तुमच्या बाजू ठीक आहेत.

तिन्हींची बेरीज ४२०, तिची निम्मी २१०. यातून एकेक बाजू वजा केली की ८०, ७० आणि ६० उरतात. आता २१० × ८० × ७० × ६० याचं वर्गमूळ घ्या, मोबाइलवर निघतं: ८४०० चौरस मीटर. म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत ८४ आर, साधारण २ एकर ३ गुंठे. पाच बाय पाच फुटांवर लावली तर अंदाजे ३६०० खोडं.

बरेच जण दोन बाजू गुणून निम्मं करतात. ते फक्त त्या दोन बाजूंमध्ये काटकोन असेल तरच चालतं. इथे १३० आणि १४० घेतले तर ९१०० येतात, सरळ सात गुंठे जास्त! बांध वाकडा असेल तर मात्र टेप बांधावरून नका नेऊ, खुंटी ते खुंटी ताणूनच मोजा.