इंग्लंडमधल्या कार बूट सेलमध्ये घरातल्या जुन्या वस्तूंची किंमत कशी ठरवावी?

तुम्ही लिहिलंय की घर आवरून कायमचं नाशिकला परतायचंय, सगळ्या वस्तूंची बिलं फायलीत नीट लावून ठेवली आहेत, बिलाच्या निम्मी किंमत लावली तर चालेल का आणि ती प्रत्येक वस्तूवर चिकटवावी का. ती फाईल घरीच ठेवा. खरं सांगायचं तर फाईल हा शब्द वाचला म्हणूनच मी लिहायला बसलो. अशी एक फाईल मी फार जवळून पाहिली आहे.

कार बूट सेल म्हणजे शेतात किंवा मैदानात गाड्या लावून डिकीतून घरातलं जुनं सामान विकायचा बाजार. रविवारी सकाळी शेतातल्या चिखलात उभा असलेला माणूस त्या क्षणी खिशातून काय काढायला तयार आहे आणि ती वस्तू परत गाडीत कोंबून घरी न्यायची तुमची कितपत तयारी आहे, एवढ्यावरच तिथली किंमत ठरते. २०१४ साली तुम्ही तिला काय मोजलेत याच्याशी त्याला काडीचंही देणंघेणं नसतं. लहानपणी आमच्या दारात बोहारीण बसायची. बाबांची टेरिकॉटची पँट शिवायला किती पडले होते, हे तिने एकदा तरी विचारलं का? कापड उजेडात धरून कुठे विरलंय ते बघायची आणि आईला परवडणार नाही अशा पातेल्यावर हात ठेवून सगळ्यात लहान पातेलं पुढे करायची.

आता फाईलवाल्यांचं. हे माझे साडू. चार्टर्ड अकाउंटंट, हॅरोला राहायचे. मुलं बाहेर पडली तेव्हा मिल्टन कीन्सला लहान घर घेतलं आणि अर्ध्या संसाराचं काय करायचं हा प्रश्न आला. मी स्लाउला राहतो, बूट सेलला जायची मला जुनी खोड, गाडीही मोठी. तेव्हा आपण दोघं मिळून एक जागा घेऊ असं ठरलं. आदल्या रात्री त्यांच्याकडे गेलो तर जेवणाच्या टेबलावर एक्सेलचा छापलेला तक्ता. वस्तू, खरेदीचं वर्ष, बिलाची रक्कम, दरवर्षी १५ टक्के घसारा (वस्तू जुनी झाली म्हणून वजा), शेवटी उरलेली किंमत. आणि त्या तक्त्यावरून छापलेली चिटोरी एकेका वस्तूवर चिकटवलेली. ब्रेड करायच्या मशीनवर काय होतं सांगू? ३४ पौंड ६० पेन्स. वरचे साठ पेन्स बघून मला हसू आवरेना आणि तिथूनच आमचं बिनसायला सुरुवात झाली.

"अहो, किमतीला काहीतरी आधार हवा की नको?" ते म्हणाले.

मी म्हटलं, आधार उद्या सकाळी सहा वाजता टॉर्च घेऊन येईल.

आलाच. तुम्ही अजून विक्रीला गेला नसाल तर हे ऐकून ठेवा. गाडी जागेवर लागते न लागते, हँडब्रेक ओढायच्या आत काचेला चेहरे चिकटतात. घड्याळं आहेत का, जुने फोन, दागिने, लेगो? हे व्यापारी. बाकीच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त प्रवेशफी भरून ते लवकर आत येतात ते उगाच नाही. तुम्ही अर्धवट झोपेत असता आणि पहिली भवानी करायची घाई झालेली असते. नेमकं तेच त्यांना हवं असतं. एका टोपीवाल्याने डिकीतला लेगोचा प्लॅस्टिकचा डबा उचलला. वर चिटोरं, ११ पौंड २५. त्याने घासाघीस न करता पाकीट काढलं आणि साडूभाऊंचा चेहरा खुलला. तक्त्यातली पूर्ण किंमत, पहिल्याच मिनिटाला! मी डब्यावर हात ठेवला. विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा आपल्या लोकांच्या घरी असतोच. त्यावर मी तो डबा रात्रीच तोलून ठेवला होता, सहा किलोच्या वर भरला होता. सुटा लेगो किलोवर विकला जातो. रंग उडालेला नसेल, इतर कंपन्यांचे तुकडे मिसळलेले नसतील आणि छोटी माणसं जागेवर असतील तर व्यापारीसुद्धा किलोला सहा-सात पौंड मोजतो. मी पंचेचाळीस सांगितले. तो हसला, डबा ठेवला, निघून गेला. साडू माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांचा खिसा कापला. पाच मिनिटांनी टोपीवाला परत आला, चाळीसला घेऊन गेला.

लेगोला घसारा लागत नाही. तुमच्या घरातल्या निम्म्या वस्तूंना पहिल्या दिवशीच शंभर टक्के लागतो आणि काहींना अजिबात नाही, मग वर्षाला पंधरा टक्क्यांचं गणित मांडून करायचं काय?

शेडमध्ये आधीच्या घरमालकाने सोडून दिलेला एक स्टॅन्लेचा लोखंडी रंधा होता. त्याचं बिल नव्हतं म्हणून तक्त्यात त्याची ओळच नव्हती. मी तो आपला टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला. एका इंग्रज आजोबांनी उचलला, पातं बाहेर काढून बघितलं, अंगठा फिरवला, आणि मी पंधरा सांगितल्यावर मुकाट्याने दिले. जुनी हत्यारं, ओतीव लोखंडाची भांडी, बागकामाची दणकट अवजारं, मासेमारीचं सामान, ग्रामोफोनच्या तबकड्या, मुलांच्या हलक्या आणि चांगल्या सायकली, यांना गिऱ्हाईक असतंच. पत्त्यांचा पोकेमॉन अल्बम मुलांनी टाकून दिला असेल तर तो विकायच्या आधी दहा वेळा बघा.

आणि ब्रेडचं मशीन. एका बाईंनी चिटोरं वाचलं आणि मैत्रिणीला हाक मारून दाखवलं. साडूभाऊ दुखावले. "एक ओरखडा नाही. चार वेळा फक्त वापरलंय." ही चार वेळांची गोष्ट आपण सगळेच अभिमानाने सांगतो. घेणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं की पाचव्यांदा वापरावंसं वाटलं नाही. दोन टेबलं सोडून तसलंच मशीन पाच पौंडांना मांडलं होतं, तेही दुपारपर्यंत तिथेच. ज्यूसर, फूट स्पा, प्रिंटर, व्यायामाची यंत्रं, डीव्हीडी, विश्वकोशाचे खंड, ऑफिसचे सूट ही सगळी याच जातीची. प्रत्येकाच्या माळ्यावर एक पडलेलं असतं, मग विकत घेणार कोण?

डिनर सेटवरून तर खडाजंगीच झाली. बेचाळीस नगांचा, सोनेरी काठाचा, तक्त्यात ७० पौंड. सोनेरी काठ म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, डिशवॉशरमध्ये घालवत नाही, आणि आज कुणाच्या घरी बारा माणसं एकदम जेवायला बसतात? मी म्हटलं, सेट फोडा. नाही म्हणजे नाही. शेवटी साडू चहा आणायला रांगेत गेले तेव्हा मेव्हणीने स्वतःच सेट फोडला. दोन मोठ्या थाळ्या तीन-तीन पौंडांना, सूपचं भांडं पाचला, वाट्या एकेका पौंडाला. ते दोन हातांत चार कप सांभाळत परत आले तोवर निम्मा सेट गेला होता. त्यांच्या मते आम्ही ७० पौंडांची वस्तू मोडीत काढली. आजही आमच्याकडे गणपतीला माणसं जमली की तेच सांगतात. ते ही साइट वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून इथे जाहीर लिहितो: भाऊ, ते सत्तर पौंड बिल फाडलं त्याच दिवशी गेले होते. आपण त्या रविवारी काही गमावलं नाही, उलट वीसेक मिळवले आणि कपाट मोकळं केलं.

असो. तुमचं विचारलेलं राहिलंच.

आकडा लावायचाच तर गोल लावा. ५० पेन्स, १ पौंड, २, ३, ५, १०. लोक नाण्यांनी व्यवहार करतात, तुमचे साठ पेन्स सुटे कोण देणार आणि परत तरी कोण करणार? पाचाच्या वरची वस्तू म्हणजे माणूस थांबून विचार करतो. विसाच्या वरची असेल तर ती मुळात बूट सेलला आणूच नका. ईबेवर आधी शोधा, पण लोक काय मागतायत ते बघू नका, विकल्या गेलेल्या वस्तूंची चाळणी लावून खरंच किती आले ते बघा. ऑक्टोबर २०२४ पासून खासगी विक्रेत्याकडून ईबे विक्रीचं शुल्क घेत नाही, त्यामुळे पोस्टाने जाण्यासारखं जे काही आहे ते तिथे. पोस्टाने जाणार नाही असा जड माल, काचेच्या वस्तू, मुलांचे कपडे, स्वयंपाकघर, हे सगळं बूट सेलला.

प्रत्येक वस्तूवर चिकटवायच्या भानगडीत पडू नका. एक पेटी, तिच्यावर मोठ्या अक्षरात "काहीही ५० पेन्स". दुसरी, "काहीही १ पौंड". इंग्रज माणूस लाजाळू असतो, किंमत विचारायची म्हणजे त्याला घेण्याचं वचन दिल्यासारखं वाटतं, म्हणून पेटीत तो मनसोक्त हात घालतो. टेबलावरच्या मोजक्या वस्तूंना मात्र किंमत लावू नका, तोंडी सांगा. म्हणजे सकाळी सहाच्या टोपीवाल्याला आणि दहाच्या आजीबाईंना वेगळी सांगता येते. विचारल्यावर "तुम्हीच सांगा" असं म्हणायचं नाही, तसं म्हटलं की माणूस वस्तू ठेवून पुढे जातो. तीन हवे असतील तर ताडकन चार सांगा. तुळशीबागेसारखं दुप्पट सांगायला जाल तर इथला माणूस घासाघीस न करता नुसता "थँक्यू" म्हणून निघून जाईल, आणि तो परत येत नाही. आपले गुजराती-पंजाबी लोक, पोलिश आणि रोमानियन मंडळी मात्र छान झगडतात. त्यांच्यासाठी तिसरी वस्तू वर द्यायला हाताशी ठेवा. स्टीलचे डबे, कढया, कुकर यांना स्लाउ-साउथॉलकडच्या सेलला दोन-तीन पौंड सहज येतात, गावाकडच्या सेलला ते काय आहे हेच लोकांना कळत नाही. लंडनमधल्या चिझिकला महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या आवारात जो सेल भरतो तिथे चांगल्या कपड्यांना जास्त मिळतात, असा आमच्या हिचा अनुभव आहे.

अकरानंतर सगळं निम्म्यावर आणा. बारा वाजता फुकट. जागेचं भाडं गाडीला दहा-पंधरा पौंड आणि वर पेट्रोल, एवढं निघालं की पुढचं सगळं कमाई आणि मोकळी जागा. तारीख निवडताना पगारानंतरचा रविवार निवडा. शेतांवरचे बरेचसे सेल दर आठवड्याला नसतात, कारण वेगळी परवानगी न काढता वर्षातून १४ दिवसच असा बाजार भरवता येतो, तेव्हा आधी चौकशी करा. तीस पौंडांची सुटी नाणी कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, डब्यात नको. पन्नासची नोट घेऊ नका.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मुलांची कार सीट विकू नका. तिला अपघात झालेला नाही हे घेणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. सोफ्यावर आगीसंबंधीचं लेबल शिवलेलं असायला हवं, १९८८ पासूनचा नियम आहे. ते कापून टाकलं असेल तर दान आलेल्या वस्तू विकणारं धर्मादाय दुकानसुद्धा घेत नाही. टॅक्सची भीती साडूंनी आम्हाला पुष्कळ घातली होती. स्वतःच्या घरातलं जुनं सामान विकणं हा धंदा नव्हे. विकण्यासाठीच माल विकत घेऊ लागलात तर गोष्ट वेगळी, आणि त्यातही करवर्षात एकूण विक्री १,००० पौंडांच्या आत असेल तर कळवावं लागत नाही.

फाईलबद्दल मी फार तोडून बोललो. सायकलचं बिल तेवढं काढून बरोबर घ्या, महागाचा प्रॅम असेल तर त्याचंही. किमतीसाठी नव्हे, माल चोरीचा नाही एवढं दाखवायला. साडूभाऊंच्या मुलीची सायकल त्या एका कागदामुळे पाच पौंड जास्त घेऊन गेली, हे मी आजवर त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही.

ट्रेडमिलचं वेगळं विचारलंत. ती गाडीत घालायच्या फंदात पडू नका, पाठ जाईल. "फुकट, स्वतः येऊन न्यावी" अशी जाहिरात टाका, आणि जो कुणी येईल त्याला आधीच सांगा की जिन्यावरून खाली उतरवायला दुसरा माणूस त्यानेच आणायचाय.