जहाल वाक्य कोणाच्या तोंडी आहे ते बघ
स्थलांतरावरची राजकीय भाषणं अभ्यासायला घेतली आहेस, तर लगेच आकड्यांच्या मागे धावू नकोस. आधी बघ, नेता जहाल वाक्य कोणाच्या तोंडी घालतो. ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाचा खासदार इनॉक पॉवेल याचं २० एप्रिल १९६८ चं बर्मिंगहॅममधलं भाषण मुळातून वाच. गोऱ्यांवर काळ्यांचा वरचष्मा होणार, हे वाक्य तो मतदारसंघातल्या एका साध्या कामगाराचं म्हणून सांगतो. पुढे एका वृद्धेची हकिगत, तीही कुणाच्या तरी पत्रातून. स्वतः नामानिराळा! (तरी पक्षनेते हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला शॅडो कॅबिनेटमधून (विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून) काढलं.) १९७८ मध्ये त्याच पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या थॅचरबाई स्थलांतरावर टीव्हीवर बोलल्या, तेव्हाही भीती ‘लोकांना’च वाटत होती. असं काही दिसलं की समासात लिहीत जा: हे लोक कोण, आणि नेत्याचं स्वतःचं म्हणणं काय?