बाण असलेला आयकॉन म्हणजे फाइल नव्हे

नवीन कॉम्प्युटर घेतलात, छान झालं. आता आधी डेस्कटॉपवरचे आयकॉन नीट बघायला शिका. ज्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो, तो शॉर्टकट. ती मूळ फाइल नाही, तिचा नुसता पत्ता आहे. १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हापासून हे असंच आहे.

शॉर्टकट डिलीट केलात तरी मूळ फाइल जागेवर राहते, त्याची भीती नको. पण मूळ फाइल उडवली, तर आयकॉन तसाच दिसतो आणि उघडायला गेलं की काही सापडत नाही. पेनड्राइव्हवर शॉर्टकट घेऊन झेरॉक्सच्या दुकानात पोचलेले कितीतरी विद्यार्थी मी पाहिलेत. प्रबंध म्हणून आणलेली फाइल जेमतेम एक-दोन केबीची निघते, आणि सबमिशन त्याच दिवशी असतं. फार वाईट वाटतं हो. म्हणून कॉपी केल्यावर साइझ बघाच.

आणखी एक. डेस्कटॉप हासुद्धा फोल्डरच, आणि तो बहुधा सी ड्राइव्हवर, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात विंडोज असतं तिथे, असतो. विंडोज नव्याने टाकताना सी फॉरमॅट केला, म्हणजे पुसून कोरा केला, की तिथलं सगळं गेलं. मी कामाचे फोल्डर डी ड्राइव्हवर ठेवतो, एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट. ऑल्ट दाबून फोल्डर डेस्कटॉपवर ओढा, शॉर्टकट तयार होतो. नुसतं ओढलंत तर एकाच ड्राइव्हवर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर तिची कॉपी होते. पहिले काही दिवस ओढाओढी टाळा, कट-पेस्टच वापरा.