एन्झाइममुळे पांढऱ्या पेशींवरचे ग्राही निकामी होतात का?

सोलापूरच्या एका सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र कोणते एन्झाइम आणि कोणता ग्राही, हे आधी पाहावे लागते.

जिवाणूंची फॉर्मिल पेप्टाइडे (प्रथिनांचे छोटे तुकडे), रक्तातील पूरक (कॉम्प्लिमेंट) म्हणजे रोगप्रतिकाराला मदत करणाऱ्या प्रथिनांपासून बनणारे सी५ए आणि शरीरातील पेशी सोडतात ते इंटरल्यूकिन-८ या रासायनिक खुणा ओळखण्यासाठी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर वेगवेगळे ग्राही असतात. हे ग्राही प्रथिनांचे असून त्यांचा काही भाग पेशीबाहेर असतो, त्यामुळे प्रथिने तोडणारी एन्झाइमे त्यांना कापू शकतात.

सर्वांत बोलके उदाहरण सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांना बाधणाऱ्या आनुवंशिक आजाराचे आहे. रंगवलेल्या काचपट्टीवर न्यूट्रोफिलमध्ये जे बारीक कण दिसतात, त्यांपैकी काहींमध्ये इलास्टेज हे प्रथिने तोडणारे एन्झाइम साठवलेले असते. या रुग्णांच्या फुफ्फुसांत ते मोठ्या प्रमाणावर बाहेर पडून इंटरल्यूकिन-८ चा सीएक्ससीआर१ हा ग्राही तोडते आणि पेशीची जिवाणू मारण्याची क्षमता घटते. इतकेच नव्हे, तर तुटलेले तुकडे श्वासनलिकेच्या पेशींना आणखी इंटरल्यूकिन-८ सोडायला लावतात, म्हणजे दाह वाढतच जातो. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. इलास्टेजला रोखणारे अल्फा-१ अँटीट्रिप्सिन श्वासावाटे दिल्यावर ग्राहींचे प्रमाण सुधारल्याचे आढळले आहे.

हिरड्यांच्या आजारातील पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणूही आपल्या एन्झाइमांनी सी५ए चा ग्राही कापतो. याउलट न्यूट्रोफिलवरचे सीडी१० हे एन्झाइम ग्राहीला हात न लावता फॉर्मिल पेप्टाइडच तोडते.

प्रयोगात पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम वापरल्यास ग्राहींची मोजणी चुकीने कमी येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.