क्षेत्र शून्य होतं ती जागा म्हणजे खिंड

भाऊ, तुम्ही विचारलंत: दोन सारख्या धन प्रभारांच्या मधोमध विद्युत क्षेत्र शून्य येतं, मग दोन्हीकडच्या क्षेत्ररेषा, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा, तिथे एकमेकींना छेदतात का? आणि तिथे ठेवलेला धन प्रभार टिकून का राहत नाही? बारावीला शिकवताना दरवर्षी कुणीतरी हे विचारतं, आणि मला तो प्रश्न फार आवडतो.

छेदण्याचं लवकर सुटतं. एका जागी क्षेत्राला एकच दिशा असते, म्हणून रेषा छेदत नाहीत. शून्य बिंदूवर दिशाच उरत नाही, मग नियम मोडायचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्यासाठी धुळ्याहून मालेगावकडे जाताना लागतो तो लळिंगचा घाट आठवा. डोंगराच्या धारेवरून चालत आलात तर खिंड ही सगळ्यात खालची जागा. गाडीरस्त्याने आलात तर तीच सगळ्यात उंच. विभवाला, म्हणजे त्या जागी एकक धन प्रभारामागे असलेल्या विद्युत स्थितिज ऊर्जेला, उंची समजा, दोन प्रभार म्हणजे दोन शिखरं आणि मधला बिंदू म्हणजे खिंड. प्रभारांना जोडणाऱ्या रेषेवर धन कण जरा सरकला तर परत मध्यावर येतो. आडवा मात्र केसभर हलला की उताराला लागलाच.

असं का, तर त्या बिंदूभोवती एक छोटी डबी कल्पून पाहा. आत प्रभार नाही, म्हणून गाउसच्या नियमाने जेवढं क्षेत्र आत शिरतं तेवढंच बाहेर पडलं पाहिजे. प्रभारांना जोडणाऱ्या अक्षावर दोन्हीकडून आत येतं, म्हणजे बाजूंनी ते निघणारच. चारी बाजूंनी आत ढकलणारी जागा रिकाम्या अवकाशात मिळतच नाही. इंग्रज गणितज्ञ सॅम्युअल अर्नशॉ यांचा १८४२ चा सिद्धान्त तो हाच.

प्रयोगशाळेत एरंडेल तेलावर रवा भुरभुरून बघा. उच्च विद्युतदाबाला जोडलेल्या दोन सारख्या टोकांजवळ कण ओळीत उभे राहतात, मधोमध मात्र कसेही पडून असतात.

आता वहीत +४ आणि −१ मायक्रोकुलोंबचे दोन प्रभार १० सेंमी अंतरावर मांडा. मुलं सवयीने शून्य बिंदू मध्येच शोधतात, पण तिथे दोन्ही क्षेत्रं एकाच दिशेला आहेत. तो सापडतो −१ च्या पलीकडे १० सेंमीवर: ४ भागिले २० चा वर्ग, १ भागिले १० चा वर्ग, दोन्ही सारखेच. +४ मधून निघालेल्या रेषांपैकी पाव हिस्सा −१ वर संपतो, बाकीच्या दूर निघून जातात, आणि हा बिंदू त्या दोन गटांच्या सीमेवर बसतो. तिथलं विभवही काढा: सुमारे ९०,००० व्होल्ट येईल, शून्य नाही.